टाकीचं नंतर, आधी कचऱ्याचं बोला: बायोगॅसबद्दल वाचकांचे प्रश्न

शेतमालावर प्रक्रिया करताना जो ओला कचरा निघतो त्यातून बायोगॅस करता येतो असं मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की हा पूर्ण कॉलम त्यालाच द्यावा लागला. सारखे प्रश्न एकत्र केलेत. जवळजवळ सगळ्यांनी टाकी केवढी बांधू, कुठल्या डिझाइनची बांधू हे पहिल्या ओळीत विचारलंय आणि कचरा नेमका काय आहे हे शेवटी कुठेतरी, काहींनी तर लिहिलेलंच नाही. माझं म्हणणं उलटं आहे. कचरा कळला की टाकी आपोआप ठरते, टाकी आधी घेतली की मग आयुष्यभर तिच्या मापाचा कचरा शोधत बसायचं.

प्रश्न : सर, आमचं फळांच्या रसाचं युनिट आहे. रोज साधारण एक टन साली, चोथा, बिया निघतात. प्लांटवाला एक जण म्हणतो यातून १५० घनमीटर गॅस निघेल, दुसरा म्हणतो ५० ते ६०. खरं कोणाचं?

दुसऱ्याचं. आणि त्याने असा कमी आकडा सांगितला म्हणून त्याच्याशीच पुढचं बोला, असं मी म्हणेन.

टनावरून गॅस सांगणारा माणूस दिसला की त्याला एकच विचारायचं, व्हीएस किती धरलं? ओला कचरा प्रयोगशाळेत १०५ अंशाला वाळवतात, उरतं ते सुकं द्रव्य. ते ५५० अंशाला जाळतात, मग उरते राख. मधे जे जळून गेलं ते व्होलाटाइल सॉलिड्स म्हणजे व्हीएस, आणि गॅस फक्त त्यातूनच येतो, तोही सगळ्यातून नाही. तुमच्या एक टन ओल्या सालींमध्ये सुकं द्रव्य असेल ११०-१२० किलो, बाकी सगळं पाणी. त्यातलं व्हीएस समजा १०० किलो. फळभाज्यांच्या कचऱ्यातून एक किलो व्हीएसमागे ३०० ते ४०० लिटर मिथेन मिळतो, मधला आकडा ३५० धरला तर झाले ३५ घनमीटर मिथेन. बायोगॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास असतो (बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड) म्हणजे बायोगॅस झाला ५८ घनमीटर. १५० हवा असेल तर कचरा अडीचपट सुका पाहिजे, ओल्या सालीत तो नसतो.

तुलनेला सांगतो, ताज्या शेणाच्या एका टनातून ३० ते ४० घनमीटरच बायोगॅस येतो. कारण उघड आहे, त्यातलं सोपं सोपं जनावराने आधीच पचवून घेतलेलं असतं. म्हणून प्रक्रिया उद्योगाचा कचरा शेणापेक्षा जास्त गॅस देतो, आणि म्हणूनच तो जास्त त्रासही देतो, पण ते पुढच्या प्रश्नात येतंय.

आता ३५ घनमीटर मिथेनची ऊर्जा किती, तर एका घनमीटरला साधारण १० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता, म्हणजे ३५०. इंजिन जनरेटरवर चालवलं तर यातली वीज मिळते फार तर १२० युनिट, दीडशेच्या आसपास गरम पाण्याच्या रूपात धरता येते, बाकी गेली. तुमच्या युनिटला बॉयलर लागत असेल तर विजेच्या भानगडीत न पडता गॅस सरळ बॉयलरला द्यायचा विचार आधी करा.

टाकीचं माप विचारलंच आहे म्हणून सांगतो. टाकीच्या एका घनमीटरमागे रोज २ ते ३ किलो व्हीएस हा शहाणा भार. अडीच धरला तर १०० किलोला ४० घनमीटर. रोज एक टन म्हणजे जवळपास एक घनमीटर आत जातंय, म्हणजे माल टाकीत सरासरी ४० दिवस राहतो, छान झालं. पण यातच मालाइतकंच पाणी मिसळून पातळ केलंत तर ४० चे २० दिवस होतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. पातळ करायचंच असेल तर बाहेर पडलेल्या स्लरीचं गाळलेलं पाणी परत वापरा, आणि तेही बेतानं, कारण त्यात अमोनिया आणि क्षार साठत जातात.

गॅसचा आकडा पक्का हवा असेल तर स्वतःच्या कचऱ्याची मिथेन क्षमतेची चाचणी करून घ्या. महिनाभर लागतो, खर्च होतो, पण टाकीच्या खर्चापुढे काहीच नाही. आणि चाचणीत आलेला आकडा हा वरचा आकडा समजायचा, रोज चालणाऱ्या टाकीत त्याहून कमीच मिळतो.

प्रश्न : टोमॅटो, बटाट्याच्या साली आणि फळांचा चोथा घालून टाकी सुरू केली. पहिले दोन आठवडे मस्त गॅस आला म्हणून माल दुप्पट केला. आता गॅस भरपूर येतोय पण पेटत नाही, आणि स्लरीला आंबट वास येतोय. पीएच ६.१ आहे. चुना टाकू का?

थांबा. चुन्याची पिशवी खाली ठेवा आणि आधी माल घालणं बंद करा, आजच.

सगळ्यात जास्त पत्रं याच एका दुखण्याची आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. टाकीत एकच जिवाणू काम करत नाही, चार टप्प्यांची साखळी आहे. पहिल्यात मोठे रेणू तुटतात, स्टार्चची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्लं, चरबीची मेदाम्लं. दुसऱ्यात त्यांची लहान आम्लं, अल्कोहोल, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड. तिसऱ्यात ही आम्लं मोडून मुख्यतः ॲसिटिक आम्ल. आणि चौथ्या टप्प्यावर मिथेन करणारे जीव त्याचा मिथेन करतात, साधारण सत्तर टक्के मिथेन या ॲसिटिक आम्लातून येतो आणि बाकीचा हायड्रोजन अन् कार्बन डायऑक्साइडमधून. (हे शेवटचे जीव खरं तर बॅक्टेरिया नाहीतच, आर्किया नावाचं वेगळंच घराणं, १९७७ साली कार्ल वूज यांनी ते वेगळं काढलं तेच मुळी या मिथेनवाल्यांचा अभ्यास करून.)

भानगड वेगाची आहे. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात. मिथेनवाल्यांपैकी चपळ असतात त्यांना दुप्पट व्हायला दिवस-दीड दिवस लागतो आणि संथ असतात त्यांना पाच-सात दिवस. तुम्ही माल दुप्पट केलात त्या रात्रीच आम्लवाल्यांनी कामाला सुरुवात केली, आणि मिथेनवाले जिथे होते तिथेच राहिले. आम्ल साठलं, पीएच उतरला, ६.५ च्या खाली मिथेनवाले आणखी सुस्तावतात, मग आम्ल आणखी साठतं. तुम्हाला जो भरपूर गॅस दिसतोय तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड आहे, मिथेन ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली गेला की ज्योत धरत नाही.

शेणाच्या टाकीत हे सहसा होत नाही कारण शेणात अमोनिया असतो, आणि अमोनिया व बायकार्बोनेट मिळून आम्ल सोसायची ताकद देतात, तिला अल्कलिनिटी म्हणतात. फळांच्या चोथ्यात साखर ढीगभर आणि ही ताकद जवळजवळ शून्य. म्हणजे वेग जास्त, ब्रेक नाही.

आता करायचं काय. माल बंद केल्यावर ढवळणं हळू चालू ठेवा, तापमान पडू देऊ नका. चालू असलेल्या चांगल्या टाकीची स्लरी मिळाली तर टाकीच्या दहा-वीस टक्के आणून घाला, याच्याइतकं दुसरं औषध नाही. ती नसेल तर ताजं पातळ शेण. पीएच वर आणायलाच हवा असेल तर खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, थोडा थोडा करून पाण्यात विरघळवून. महाग पडतो आणि फार घातला तर सोडियमचा त्रास होतो, पण एकदम उडी मारत नाही.

चुना स्वस्त आहे म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात. चुना आधी टाकीतला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, तोवर पीएच हलत नाही असं वाटतं, म्हणून माणूस अजून घालतो, आणि मग एकदम वर जातो आणि तळाला खडूसारखा थर बसतो. त्याहून वाईट म्हणजे वरच्या जागेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा चुन्यात शोषला जातो, टाकीत दाब उणा होतो, आणि पक्कं झाकण असलेल्या टाकीत हवा आत खेचली जाते किंवा छत दबतं. वापरायचाच असेल तर ६.७ पर्यंत आणून थांबा, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून.

गॅस पुन्हा निळा जळायला लागला की आधीच्या मालाच्या चौथाईपासून सुरू करा, आठवड्याने थोडं वाढवा. आणि इथून पुढे पीएचवर विसंबू नका, तो सगळ्यात उशिरा ओरडतो. रोज नाही तर दिवसाआड साठलेल्या आम्लांचं अल्कलिनिटीशी प्रमाण काढा. गाळलेल्या नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालत पीएच ५ पर्यंत किती लागलं आणि तिथून ४.४ पर्यंत किती लागलं एवढंच मोजायचं असतं, युनिटमधली लॅबची मुलगी पंधरा मिनिटांत करेल. प्रमाण ०.३ च्या आसपास असेल तर निवांत, ०.४ ला माल वाढवायचा नाही, ०.५ च्या वर गेलं की हात आखडता घ्यायचा. पीएच पडायच्या कितीतरी दिवस आधी हा आकडा सांगतो.

कायमचा उपाय म्हणजे सोबत शेण किंवा नायट्रोजनवाला दुसरा कचरा द्यायचा, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २० ते ३० च्या दरम्यान राहील असा. काही ठिकाणी आंबवण्याची लहान टाकी वेगळी आणि मिथेनची मोठी वेगळी अशी दोन टप्प्यांची सोय करतात, गोड कचऱ्याला ती चांगली मानवते पण सांभाळायला माणूस तयार लागतो.

प्रश्न : टाकीसाठी जिवाणूंची पावडर मिळते, ती टाकल्यावर गॅस वाढतो म्हणतात. घ्यावी का?

नको. चालू टाकीची दोन टँकर स्लरी घ्या. खरंच कशाची कमी पडत असेल तर ती बहुतेक वेळा जिवाणूंची नसते, निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, सेलेनियम, लोह अशा सूक्ष्म घटकांची असते, आणि ती वर्षभर एकाच प्रकारचा कचरा देणाऱ्या टाक्यांमध्ये दिसते. गॅस कारण नसताना हळूहळू उतरतोय आणि प्रोपिऑनिक आम्ल वाढतंय असं दिसलं तर त्याची तपासणी करा. थोडं शेण देणाऱ्यांना हा प्रश्न फारसा येत नाही.

प्रश्न : आमची धान्य गिरणी आहे. तूस, कोंडा, भुसा भरपूर. हे घातलं तर?

कोंडा चालेल, त्यात स्टार्च आहे. पण कोंडा जनावरं खातात, त्याला गिऱ्हाईक असेल तर टाकीत घालणं मला तरी पटत नाही. तूस घालू नका. लिग्निन आणि सिलिका, दोन्हीला हे जीव हात लावत नाहीत, तुसाची जागा भट्टीत. भुसा-पेंढा मधला प्रकार, बारीक केला, वाफेने किंवा अल्कलीने आधी मऊ केला तर गॅस देतो, नाहीतर वर तरंगतो, जाड साय धरतो आणि एक दिवस गॅस बाहेर यायची वाटच बंद करतो. उसाच्या चिपाडाचंही तेच. मळी (प्रेसमड, उसाचा रस गाळल्यावर उरतो तो गाळ) मात्र चांगली, फक्त तिच्यात मेण आणि माती दोन्ही असतात, तळ साफ करायची सोय ठेवा.

प्रश्न : ताई/सर जे कोणी असाल, आमचा कचरा तीन प्रकारचा आहे: तेलगिरणीची पेंड आणि गाळ, दूधप्रक्रियेतली निवळी, आणि शेजारच्या युनिटमधल्या संत्र्या-लिंबाच्या साली. सगळं एकत्र घातलं तर चालेल ना?

सर आहे, पण काही फरक पडत नाही. तुमची यादी वाचून आधी आनंद झाला आणि मग काळजी वाटली.

चरबी-तेलाइतका गॅस दुसरं काहीच देत नाही. कागदावरचा हिशेब असा की पूर्ण मोडलं तर एक किलो कर्बोदकातून ४१५ लिटर मिथेन, प्रथिनातून ४९६, आणि चरबीतून १०१४. म्हणून तेलगाळ थोडासा घातला तरी गॅसचा मीटर पळतो आणि माणसाला मोह होतो. पण चरबीतून सुटणारी लांब मेदाम्लं जिवाणूंच्या अंगावर चिकटून बसतात, फेस येतो, स्लरी वर तरंगते. तेलगाळ एकूण व्हीएसच्या दहा टक्क्यांपासून सुरू करा, रोज थोडा थोडा, एकदम टाकी रिकामी करायची म्हणून ओतायचा नाही.

पेंडीत प्रथिन जास्त, म्हणजे अमोनिया. एका लिटरला तीन-चार ग्रॅमच्या वर अमोनिया नायट्रोजन गेला की मिथेनवाले कुरकुरतात, आणि टाकी जितकी गरम आणि पीएच जितका जास्त तितकं हे लवकर. (चांगली पेंड मुळात टाकीत घालूच नये, खराब झालेली ठीक.) निवळी याच्या अगदी उलट, साखर जास्त, आम्ल सोसायची ताकद शून्य, एकटी घातली तर वरच्या प्रश्नातल्या वाचकासारखी गत. म्हणजे पेंडीचा अमोनिया निवळीच्या आम्लाला धरून ठेवतो, ही जोडी खरंच जमते.

संत्र्या-लिंबाच्या साली वेगळ्या ठेवा. त्यांच्या तेलात लिमोनिन असतं, झाडाने ते जंतू मारायलाच केलेलं आहे आणि आपले जीव त्याला जंतूच वाटतात. वाफेने तेल काढून घेतलं तर साली उत्तम, आणि काढलेलं तेल विकलं जातं. तेल न काढता घालायच्या असतील तर एकूण मालात अगदी लहान वाटा.

तुम्ही विचारलं नाही पण सांगून ठेवतो, तुमच्या युनिटमधलं धुण्याचं पाणी टाकीत जाणार आहे का ते बघा. कॉस्टिक, क्लोरीन, निर्जंतुकीकरणाची केमिकल्स, लोणच्याचं मिठाचं पाणी, फळं टिकवायला वापरलेला सल्फाइट, हे सगळं त्याच गटारातून येतं आणि मग माणूस म्हणतो टाकी कशाने मेली कळलंच नाही.

प्रश्न : आमचा हंगाम चार महिन्यांचा. बाकी आठ महिने टाकी काय करणार?

उपाशी बसेल, आणि त्याने मरणार नाही. मिथेनवाले मुटकुळं करून कितीतरी महिने तग धरतात, थंड पडले तरी. चूक होते ती दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, गाड्या यायला लागतात आणि पूर्ण भार टाकला जातो. हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी टाकी हळूहळू गरम करा, दिवसाला एखाद अंशापेक्षा जास्त नाही, आणि थोडा थोडा माल सुरू करा.

त्याहून चांगलं म्हणजे चोथा मुरघासासारखा दाबून, हवा काढून, झाकून ठेवायचा. लॅक्टिक आम्लाने तो टिकतो आणि गॅस फार कमी होत नाही. ओला चोथा दाबला की रस सुटतो, तो रस गोळा करायची नाली हवीच, कारण सगळ्यात जास्त गॅस त्या रसात असतो आणि विहिरीत-ओढ्यात गेला तर सगळ्यात जास्त घाणही तोच करतो. असं केलंत की टाकी हंगामाच्या शिखरासाठी नाही तर वर्षाच्या सरासरीसाठी बांधता येते, तिसऱ्या हिश्श्याची पुरते.

प्रश्न : आमच्याकडे चोथा थोडाच, पण स्टार्च धुतलेलं पाणी रोज १०० घनमीटर निघतं, सीओडी (पाण्यातला सेंद्रिय माल मोजायचा आकडा) लिटरला ४ ग्रॅम. यातून गॅस मिळतो का?

मिळतो, पण साध्या टाकीतून नाही. महिनाभर पाणी धरून ठेवायचं तर ३००० घनमीटरची टाकी लागेल, वेडेपणा आहे. अशा पातळ पाण्यासाठी यूएएसबी (अपफ्लो ॲनेरोबिक स्लज ब्लँकेट) नावाची वेगळी टाकी आहे. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये वॅखेनिंगेनला गाट्झे लेटिंगा आणि त्यांच्या गटाने बीट साखर कारखान्याच्या पाण्यासाठी ती उभी केली. पाणी खालून वर जातं, जीव एकमेकांना धरून दाणे करतात आणि जड असल्यामुळे खालीच राहतात, म्हणजे पाणी काही तासांत बाहेर पण जीव महिनोन्महिने आत. सगळी हुशारी एवढ्यातच आहे.

हिशेब सोपा: काढलेल्या एक किलो सीओडीमागे ०.३५ घनमीटर मिथेन. तुमचं रोजचं सीओडी ४०० किलो, ऐंशी टक्के निघालं तर ३२० किलो, म्हणजे ११२ घनमीटर मिथेन. पहिल्या प्रश्नातल्या एक टन सालींच्या तिप्पट, आणि हे तुम्ही आज गटारात सोडताय. गाळ, साली, तेल आधी अडवा, दाणे त्याने बिघडतात.

प्रश्न : टाकीत गाळ साठलाय. माणूस उतरवून साफ करायची तर किती दिवस उघडी ठेवावी?

कितीही दिवस नाही. उघडी ठेवून टाकी सुरक्षित होत नाही. गाळ हलवला की आत दबलेला गॅस त्याच क्षणी सुटतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, आणि शंभर-दीडशे पीपीएमला नाक बधिर होतं, म्हणजे वास गेला असं वाटतं तेव्हाच तो वाढलेला असतो. ५०० ते १००० पीपीएमला माणूस काही श्वासांत ते काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि तिथेच राहिला तर जातो. आणि मग त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा अपघातांत एकापेक्षा जास्त माणसं जातात ती याचमुळे, वाचवायला गेलेली.

बाहेरून पंपाने उपसा. उतरण्यावाचून गत्यंतर नसेल तर हे काम करणारे शिकलेले लोक बोलवा, गॅस मीटर, पंख्याने सतत हवा, बाहेरून हवा देणारा मुखवटा, दोरी-हार्नेस आणि वर उभा राहणारा माणूस, यातलं एकही नसेल तर काम नाही. मोबाइल, बॅटरी, सिगारेट काहीच जवळ नको, हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते.

गाळ साठतो कशाने ते पण बघा. बटाटे, गाजरं, कंदमुळं यांच्याबरोबर माती येते. ती टाकीच्या आधी अडवली तर हा प्रश्नच दहा वर्षं पुढे जातो.

प्रश्न : गॅसमुळे बर्नर आणि पाइप काळे पडून खाल्ले जातायत.

तोच हायड्रोजन सल्फाइड. लोखंडाच्या गंजाचा, म्हणजे आयर्न ऑक्साइडचा फिल्टर लावा. गंधकाने भरलेला फिल्टर बदलताना उघड्यावर ढीग करू नका, तो तापतो आणि पेटूही शकतो. मोठ्या टाकीत फेरिक क्लोराइड मालातच घालतात. वरच्या जागेत थोडी हवा सोडायची पद्धतही आहे, पण ती मोजून-मापून, मीटर असेल तरच.

प्रश्न : निघालेली स्लरी सरळ शेतात सोडली तर चालते ना? खत वाढतं म्हणतात.

वाढत नाही. जेवढा नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आत गेला तेवढाच बाहेर येतो, टाकी काही नवीन करत नाही. बदलतं ते रूप. नायट्रोजनचा मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपात येतो, पिकाला लगेच लागतो आणि तितकाच लगेच उडून जातो. दुपारच्या उन्हात पसरलीत तर निम्मं खत हवेत गेलं असं समजा, संध्याकाळी द्या आणि लगेच मातीआड करा. कोवळ्या रोपांना नुसती देऊ नका. साठवायची टाकी झाकलेली हवी, कारण तिच्यात अजून मिथेन सुटत असतो, आणि मिथेन वातावरणाला शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट जड जातो, मग पर्यावरणाच्या गप्पा कशाला. रोगट माल किंवा तणाचं बी आत जात असेल तर ३७ अंशाची टाकी ते सगळं मारत नाही, ७० अंशाला तासभर तापवणं हा रुळलेला मार्ग.

प्रश्न : आमचं फारच लहान, दिवसाला ५० किलो साली. हे सगळं आमच्यासाठी आहे का, की उगाच वाचतोय?

आहे, फक्त वीज विसरा. ५० किलोतून रोज तीनेक घनमीटर बायोगॅस, म्हणजे १८ युनिटांच्या आसपास उष्णता. बर्नरचा तोटा धरला तरी पावणेदोनशे लिटर पाणी पन्नास अंशांनी तापतं, बरण्या-डबे धुवायला, फळं उकळवायला तेवढं पुरतं. दोन-अडीच घनमीटरची टाकी, रोज एकाच वेळेला माल, रविवारीसुद्धा, आणि सोबत जमेल तेवढं शेण. एलपीजीची शेगडी आहे तशीच जोडू नका. बायोगॅसची ताकद घनफळामागे एलपीजीच्या जवळपास चौथाई, त्यामुळे त्याला जेटचं भोक मोठं लागतं आणि दाबही वेगळा, बायोगॅसचीच शेगडी घ्या नाहीतर जेट बदलून घ्या, नाहीतर टाकी नीट चालू असूनही ज्योत टिकत नाही म्हणून पुढच्या अंकासाठी तुमचंच पत्र येईल.